मोठ्या बाईंच्या कपाटातला गणवेश

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती आणि आजपासून निवृत्त होणाऱ्या आपल्या प्राचार्यबाई, त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या प्राचार्यबाई, अध्यापकवर्ग, पालक बंधुभगिनी, आणि समोर पांढऱ्या गणवेशात बसलेल्या माझ्या लेकींनो,

पालकांतर्फे मी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. मी शिंपी माणूस. गळ्यात टेप असली की मी मोकळा बोलतो. आज गळ्यात हार आहे, त्यामुळे जरा अवघडलोय. सांभाळून घ्या.

या नर्सिंग कॉलेजचे गणवेश मी कित्येक वर्षं शिवतोय. प्राचार्यबाईंना तुम्ही सगळ्या ‘मोठ्या बाई’ म्हणता, मीही तेच म्हणतो. त्यांच्या शिस्तीचा तुमच्याइतकाच प्रसाद मला मिळालाय. एक काज जरा तिरकं झालं म्हणून अख्खा गठ्ठा परत! खिसा किती खोल, तेही त्याच ठरवणार. कात्री, पेन आणि छोटी वही मावली पाहिजे, चौथी वस्तू मावता कामा नये, असं त्या म्हणायच्या.

माझी धाकटी लेक इथेच शिकत होती. त्याच खिशात तिने चौथी वस्तू ठेवली.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत आहे. समारंभात असं बोलू नये, हेही मला कळतं. पण मोठ्या बाईंचे आभार मानायचे आणि हे गाळायचं, तर मी आभार कशाचे मानू?

जागं राहायच्या गोळ्या होत्या. कायद्याने बंदी असलेल्या. परीक्षेच्या दिवसांत ती घ्यायची, खोलीतल्या मैत्रिणीलाही द्यायची. हॉस्टेलच्या झडतीत पकडली गेली. वकिलांनी पढवलं होतं, की म्हण, कुणीतरी ठेवल्या. ही कोर्टात उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्याच आहेत.” पुरावा म्हणून तो गणवेश टेबलावर ठेवला होता. माझी शिलाई मी लांबूनच ओळखली.

तुरुंग टळला. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. घरी येऊन आम्ही सगळे पोटभर जेवलो, म्हटलं, सुटलो एकदाचे. कसले सुटतोय! आधी शिष्यवृत्ती बंद झाली. मग हॉस्टेलची खोली गेली. शेवटी हॉस्पिटलने कळवलं की वॉर्डात औषधांचं कपाट असतं, गुन्हा सिद्ध झालेल्या मुलीला तिथे येता येणार नाही. आणि वॉर्डातलं काम केल्याशिवाय परिचारिकेची पदवी मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं?

मोठ्या बाई आधी तिच्यावर कडाडल्या. माझ्यासमोर म्हणाल्या, “तुला थोबाडीत मारावीशी वाटते आहे.” आणि दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या बाकावर बसवलं. साध्या कपड्यांत का होईना, पण वर्ग चुकवायचा नाही. लेखी परीक्षा ती सगळ्या पास झाली. बाई तिच्यासाठी किती दारं झिजवत होत्या! कॉलेज म्हणे, हॉस्पिटलने परवानगी द्यावी. हॉस्पिटल म्हणे, वरून आदेश यावा. वरचे म्हणत, निकाल लागलाय, आम्ही काय करणार? नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही पेशंट होतो कधी कधी. पण चुकलेल्या मुलीने परत कुठून यायचं, ते कुणीच का सांगत नाही?

त्या वर्षी तिसऱ्या वर्षाचे गणवेश शिवताना माझ्या हातून घोटाळा झाला. तिसऱ्या वर्षाला बाहीवर निळी पट्टी असते. शिवता शिवता मी एक जास्तीचा शिवला, धाकटीच्या मापाचा. हाताला सवय असते हो, हाताला कोर्टाचा निकाल कुठे कळतो? बाईंनी गठ्ठा उघडला, तो गणवेश बघितला. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी तो हँगरला लावला आणि ऑफिसातल्या स्वतःच्या कपाटात टांगला. म्हणाल्या, “राहू द्या. येईल ती.”

तो तिथेच होता. मागच्या आठवड्यात त्यांनी कपाट रिकामं केलं आणि गणवेश घेऊन स्वतः दुकानात आल्या. धाकटी माझ्याच दुकानात असते आता, दुसऱ्या मशीनवर. तुमची मापं तीच घेते. बाई तिला म्हणाल्या, “मला जमलं नाही गं.” एवढ्या कडक बाई, पण गणवेशाची बाही उगाच सरळ करत राहिल्या. मीही कात्री शोधायच्या निमित्ताने मागे गेलो.

परवा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी धावत आली. गणवेश उसवलेला, सकाळी वॉर्डात ड्यूटी, आणि माझ्याकडे कापड संपलेलं. धाकटीने खुंटीवरचा तो गणवेश काढला. मी म्हटलं, “अगं, तो तुझा आहे.”

“बाबा,” ती म्हणाली, “तो टांगून ठेवला तर सकाळी वॉर्डात एक नर्स कमी जाईल.”

तिने बाजूच्या शिवणी उसवल्या, त्या मुलीच्या अंगाला बसवल्या, अंगावर चढवून कॉलर नीट केली. मग खिशात हात घातला. प्रत्येक तयार गणवेशाच्या खिशात ती हात घालून बघते, तेव्हापासूनची सवय आहे. म्हणाली, “रिकामा आहे. जा तू.”

ती मुलगी आज या सभागृहात बसली आहे. कोण, ते मी सांगणार नाही. बाळ, तू रडू नकोस. नीट काम कर, एवढंच.

नव्या प्राचार्यबाई, तुमच्याकडे आज काही मागायचं नाही, असं धाकटीने मला बजावून पाठवलंय. ती स्वतः आली नाही. म्हणाली, “तिथे सगळ्याजणी पांढऱ्यात असतील.” तेव्हा मी काही मागत नाही. ते कपाट आता तुमचं आहे, इतकंच म्हणतो.

मोठ्या बाई, तुम्ही माझ्या लेकीसाठी जे केलंत, त्याबद्दल आम्ही घरचे सगळे तुमच्या पाया पडतो. तुम्हाला जमलं नाही असं पुन्हा म्हणू नका. तुमच्या कपाटात तिची जागा होती, म्हणून ती रोज सकाळी उठत होती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझे तिरके टाके मोठ्या बाईंनी नेहमी परत पाठवले. आजच्या बोलण्यातले तेवढे पोटात घाला. नमस्कार.