वडील गेले... कुठे?

नाही, तुम्हीच सांगा, 'वडील गेले' यात न कळण्यासारखं काय आहे? कुणालाही सांगा, वडील गेले, माणूस 'अरेरे' म्हणतो, खांद्यावर हात ठेवतो, 'वय काय होतं' विचारतो... आणि आमच्या बाई? समासात पेन्सिलीनं लिहितात, 'कुठे?'

बाई म्हणजे माझ्या गुरू. सत्तरीच्या, स्वतःच्या सहा कादंबऱ्या आलेल्या. आणि मी पोस्टात पार्सलं तोलणारा माणूस. बेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहिली, तीनशे बारा पानं, आणि बाई ती दर रविवारी तपासतात... तपासतात कसल्या, पहिल्या वाक्यापुढे सरकतील तर शपथ. 'वडील गेले.' समासात 'कुठे?' मला वाटलं, बाईंचं वय झालं. घरी जाऊन 'वारले' केलं. पुढच्या रविवारी, 'कशानं?' हृदयविकाराचा झटका आणला. त्याच्या पुढच्या रविवारी, 'कोणत्या दवाखान्यात?' दवाखाना बांधला, डॉक्टर नेमला, दोन नर्स ठेवल्या, चाळीस पानं वाढली. तुम्हाला सांगतो, वडिलांसाठी एवढी धावपळ जन्मात कुणी केली नसेल.

चौथ्या रविवारी बाईंनी एकोणिसावं पान पुढे सरकवलं.

"इथे आई वडिलांची जुनी चप्पल चांभाराकडून शिवून आणते."

"हो."

"ते वारल्यावर तीन वर्षांनी."

"हो, म्हणजे... आणायचीच ती."

"मेलेल्या माणसाची चप्पल कोण शिवून आणतं रे?"

सगळं खोटं मन लावून लिहिलं, आणि एक खरी गोष्ट नकळत हातून सुटली. म्हटलं, बाई, ते मेले नाहीत. मी नववीत होतो, शाळेतून आलो तर खुंटीवर त्यांचा सदरा नव्हता. शेजारी विचारायला आले, आई म्हणाली, 'गेले.' वडिलांची नोकरी फिरतीची, लोकांना वाटलं तिकडेच काय ते झालं. हात जोडले, माना खाली घातल्या, आणि कुणी, एकानंही, विचारलं नाही... कुठे? आई खोटं बोलली नाही, मीही नाही. एका क्रियापदाच्या आडोशाला आम्ही मायलेक अठ्ठावीस वर्षं राहिलो. आणि आता ते छापायचं? आईनं चारचौघांत तोंड कसं दाखवायचं?

बाईंनी चष्मा पुसला. "हेच लिही," म्हणाल्या.

"आई वाचेल हो."

"मग आधी तिलाच वाचून दाखव."

दाखवलं. आई खिडकीशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती. पहिलं वाक्य वाचलं, 'वडील निघून गेले.' सुई थांबली.

"चुकलंय," आई म्हणाली.

"काय चुकलं?"

"निघून नाही गेले. मी घालवलं."

अठ्ठावीस वर्षं मी त्या माणसाचा राग केला, तीनशे पानं भरून केला, आणि वाक्याचा कर्ताच चुकला होता! 'का' म्हणून विचारलं. आई म्हणाली, "तुला नाही सांगता यायचं मला. त्या बाईंना बोलाव."

तेव्हापासून दर रविवारी बाईच आमच्याकडे येतात. दोघी आतल्या खोलीत, दार लोटलेलं. मी बाहेर चहा करतो, तो निवतो, परत करतो. मधेच आईचं रडणं ऐकू येतं, मग बाईंचं हळूच, 'पुढे?' आत जायची मला परवानगी नाही. कादंबरी माझी आहे, हे दोघींना मान्य आहे म्हणा.

परवा दोन महिने झाले. बाई निघाल्या तेव्हा धीर करून विचारलं, कुठवर आलंय?

"घाई करू नकोस," बाई म्हणाल्या. "अजून तुझा जन्म व्हायचाय."

तर थांबलोय. दुसरं करणार काय?