इस्त्रीवालीचा बाप्तिस्मा

पाळक : इस्त्रीवाली पाण्यात उतरणार नाही म्हणते. उद्या बाप्तिस्मा, आणि हे मला आज कळतंय.

पाळकबाई : मग राहू द्या तिचा. बाकीची दोघं आहेत की.

पाळक : इतक्या थंडपणे सांगतेस? तुझीच ना ती विद्यार्थिनी?

पाळकबाई : माझी? मायदेशातल्या आपल्या मिशनच्या मासिकात तर तसं छापून येत नाही. मागच्या फोटोत तुम्ही बाप्तिस्म्याच्या कुंडात उभे, पांढरा झगा, हात वर. मी कुठं होते, आठवतं?

पाळक : कुठं?

पाळकबाई : पडद्यामागे. ओल्या बायकांना टॉवेल देत होते. माझं कोपर आलंय त्या फोटोत.

पाळक : अगं, बाप्तिस्मा द्यायचा अधिकार दीक्षा झालेल्या पाळकाचा. हा नियम काही मी केला नाही.

पाळकबाई : केला नाहीत, पण तुम्हाला तो बरा मानवतो. दोन हिवाळे मी तिच्या दुकानात बसले. वाफेनं चष्मा धुरकट व्हायचा. ती कॉलरी दाबायची, मी प्रार्थना शिकवायची. या परक्या देशातली भाषा तरी मी कुणाकडून शिकले? तिच्याकडूनच. मी त्यांच्या भाषेत 'पाप' म्हणायला जायचे आणि तोंडातून 'मोजे' निघायचे. देवा, आमच्या मोज्यांची क्षमा कर. हसून हसून ती इस्त्री बाजूला ठेवायची.

पाळक : हे कधी सांगितलं नाहीस मला.

पाळकबाई : विचारलंत कधी? शिजवायचं मी, आणि वाढताना पदर खोचून तुम्ही पुढे.

पाळक : पदर मी कुठून खोचणार?

पाळकबाई : हसण्यावारी नेऊ नका.

पाळक : बरं. म्हणजे तुला हेवा वाटतो. माझा. नवऱ्याचा.

पाळकबाई : वाटतो. जळफळाट होतो म्हणा हवं तर. ती उतरणार नाही म्हणाली ना, तेव्हा मला आतून बरं वाटलं. आता बोला.

पाळक : काय बोलू? दार वाजतंय. तीच असेल. चेहरा नीट कर.

इस्त्रीवाली : येऊ का? साहेबांचा झगा आणलाय. मी येवो न येवो, तुम्हाला उद्या लागेलच.

पाळक : बसा. पाण्याला घाबरू नका, कुंड कमरेएवढंच आहे.

इस्त्रीवाली : पाण्याला कशाला घाबरू, साहेब? लहानपणापासून लोकांच्या चादरी धुतल्यात मी.

पाळक : मग अडलंय कुठं?

इस्त्रीवाली : बाई दुकानात यायच्या बंद झाल्यात. रोज त्यांची खुर्ची मांडते आणि संध्याकाळी उचलून ठेवते. म्हटलं, यांनाच मी नकोशी झाले, तर देवाला काय चालणार?

पाळकबाई : तुझं काही चुकलं नाही गं.

इस्त्रीवाली : मग आला का नाहीत?

पाळकबाई : तू म्हणालीस, साहेबांचा उपदेश ऐकला की अंगावर काटा येतो. राग आला मला. यांचा आला. तुझाही आला.

इस्त्रीवाली : अहो, पण येतोच काटा. ते छान बोलतात. तुमची भाषा अजून कच्चीच आहे, बाई.

पाळकबाई : माहीत आहे.

इस्त्रीवाली : पण पाण्यात मला धरायला तुम्हीच हव्यात. नाहीतर मी उतरत नाही.

पाळक : बाईंना तो अधिकार नाही.

इस्त्रीवाली : मग तुम्हीही शेजारी उभे राहा.

पाळक : मीही? मी 'ही' उभा राहू?

पाळकबाई : कसं लागतं ते बघा आता.

पाळक : तू गप्प बस. अहो, रविवारमागून रविवार पुढच्या बाकावर बसून तुम्ही माझं ऐकलंत. आणि मी नकोसा?

इस्त्रीवाली : नको कुठं म्हटलं? शब्द तुम्ही म्हणा. पाठीखाली हात यांचा.

पाळक : मंडळी काय म्हणतील?

पाळकबाई : काळजी मंडळींची आहे की फोटोची?

पाळक : दोन्हींची. ठीक आहे, उतर तू. पण हात माझाही असेल.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रार्थनेच्या हॉलमागची खोली. दोघंही ओलेचिंब.)

पाळक : तू तिला सारखी तुझ्याकडे ओढत होतीस.

पाळकबाई : तुम्ही सोडत नव्हतात. आपल्या ओढाताणीत बिचारीच्या नाकातोंडात पाणी गेलं.

पाळक : शब्द नीट म्हटले ना मी?

पाळकबाई : म्हटलेत. मला वाटलं, वर आली की माझ्या गळ्यात पडेल.

पाळक : मला वाटलं, निदान हात तरी हातात घेईल.

पाळकबाई : तिनं डोळे पुसले आणि आपल्या दोघांच्या मधून सरळ काठाकडे गेली. काळ्या कोटातली ती म्हातारी कोण?

पाळक : मोठी बहीण. ही तुझ्याकडे शिकायला लागली तेव्हापासून अबोला धरून होती. आज न सांगता आली आणि शेवटच्या रांगेत बसली.

पाळकबाई : कोटासकट मिठी मारली तिनं. आपल्या ओढणीनं हिचे केस पुसत होती, आणि दोघी कुणाला तरी नावं ठेवल्यासारख्या हसत होत्या. मी शेजारीच उभी होते. एक शब्द कळला नाही मला.

पाळक : मला कळले. त्यांच्या आईबद्दल बोलत होत्या.

पाळकबाई : मला त्या म्हातारीचा इतका हेवा वाटला की सांगायची सोय नाही.

पाळक : मलाही वाटला.

पाळकबाई : सरका जरा. हीटर काय एकट्या तुमचा आहे?