कारखाना बंद पडला, असं समजा

केसरबाई: नाय ताई, असलं मी बोलणार नाय. दुसरं काय विचारायचं ते विचारा.

तनुजा: केसरबाई, खरं नाही बोलायचं. नुसतं समजायचं. पुढची दिवाळी आलीये, बिडकीनचा आपला नवा कारखाना बंद पडलाय, गेटला कुलूप आहे. का बंद पडला, एवढंच सांगायचं.

नानासाहेब: शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. तनुजा, अगं उद्घाटन पुढच्या आठवड्यात, पत्रिका वाटून झाल्या, अन् तू मालकाच्याच केबिनमधी बसून कुलूप लावायलीस?

तनुजा: सर, मोठ्या कंपन्यांत असं करतात. काम सुरू व्हायच्या आधीच ते फसलंय असं धरून चालायचं आणि कारणं काढायची. त्यानं माणसं मोकळी होतात. नुसतं 'काही अडचण आहे का' विचारलं की सगळे 'नाही' म्हणतात. सकाळी बघितलंत ना, सगळ्या सुपरवायझरांना विचारलं, तर माना खाली घालून चहा पीत बसले.

नानासाहेब: अडचण नव्हती म्हणून बसले.

तनुजा: अख्खा कारखाना चिकलठाण्यातून उचलून बिडकीनला न्यायचा आणि एकालाही अडचण नाही? माझ्या हातात हा सगळा प्रोजेक्ट दिलाय तुम्ही, मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटते. म्हणून केसरबाईंना वेगळं बोलावलं. वायरिंगच्या सगळ्या बायका यांच्या हाताखाली आहेत.

नानासाहेब: अगं, हिला कसली अडचण? गारखेड्यात पत्र्याच्या खोलीत गाड्यांचं वायरिंग करायला लागलो तवापासून ही माझ्यासंगं आहे. उद्घाटनाला नव्या मशीनचं बटण हीच दाबणार. मंत्री नको, संत्री नको. पत्रिकेत नाव छापलंय तिचं, माझ्या नावाच्या वर.

केसरबाई: तेच म्हणते मी. आता कशाला उगं.

तनुजा: बरं, आधी मी सांगते. कारखाना बंद पडला, कारण तनुजानं बसचे रस्ते चुकीचे आखले आणि दुसऱ्या पाळीच्या बायका मुकुंदवाडीला नीट घरी पोचेनात. झालं. बघा, काही आभाळ कोसळलं का? आता तुम्ही.

केसरबाई: आमच्यात मुहूर्त-बिहूर्त मानत नाहीत ताई, ते नाय माझं. पण दुसऱ्याच्या नव्या घराला त्याच्याच तोंडावर वाईट बोलू नये, एवढी रीत मला बी कळती.

नानासाहेब: बोल बाई, बोल. हिचं एकदा समाधान होऊ दे. मला भूक लागलीय.

केसरबाई: राग नाय ना येणार?

नानासाहेब: खोट्या गोष्टीचा कसला राग?

केसरबाई: मग असं समजा, कारखाना बंद पडला, कारण केसरबाई गेलीच नाय.

नानासाहेब: कुठं?

केसरबाई: बिडकीनला.

नानासाहेब: हे बरंय. पोरीचं बसचं खोटं तर हिचं त्याहून खोटं. लिही गं तनुजा, केसरबाई गेलीच नाय. पुढं?

तनुजा: सर, थांबा जरा. केसरबाई, हे तुम्ही समजायचं म्हणून सांगितलंत ना?

केसरबाई: तुम्हीच म्हणलात, मोकळं बोला.

नानासाहेब: केसर, माझ्याकडं बघ.

केसरबाई: बघते की. मी येणार नाय नाना. उद्घाटनाला येणार होते, बटण दाबणार होते, सगळ्यांसंगं जेवणार होते. दुसऱ्या दिवशी आमच्या सुयशला तुमच्याकडं पाठवणार होते, आईला आता काम होत नाय म्हणून सांग बाबा, असं. पोराला सांगून बी ठेवलंय.

नानासाहेब: काय बोलायलीस तू? तुला कळतंय का काय बोलायलीस? अगं तू आली नाय तर एक तरी बाई येईल का तिथं? पुढच्या महिन्यात माल द्यायचाय.

केसरबाई: म्हणून तर तोंड उघडत नव्हते.

नानासाहेब: लांब पडतं का? तसं असलं तर तुला घरून गाडी. मंजूर. आत्ताच मंजूर.

केसरबाई: लांबचं नाय. ते मशीन मला येत नाय.

तनुजा: पण ट्रेनिंग झालंय तुमचं. सगळ्यांचंच झालंय. सरांनी स्वतःच्या हातानं सर्टिफिकेटं दिली.

केसरबाई: झालं की. पडद्यावर झालं. तवा मशीन आलंच नव्हतं. तो शिकवणारा पोरगा पडद्यावर बोट ठेवून भराभरा बोलायचा, निम्मं इंग्रजीत. मधीच विचारायचा, समजलं का? आम्ही म्हणायचो, हो. मग पुरीभाजी झाली, फोटो झाला, अन् आलो घरी.

तनुजा: म्हणजे एकीनंही मशीनला हात लावलेला नाही?

केसरबाई: कसा लावणार? आधी खोक्यात होतं. आता बिडकीनला बसवलंय, तर त्या खोलीला कुलूप. पूजेच्या आधी उघडायचं नाय म्हणे.

नानासाहेब: ते मीच सांगितलं. कोरं मशीन आहे, देवाचा हात आधी लागू दे म्हणलं.

तनुजा: माझ्या अहवालात ट्रेनिंग शंभर टक्के पूर्ण आहे. मी तो ग्राहकाला पाठवलाय. मी फक्त हजेरी बघितली हो. हजेरी सगळ्यांची होती.

केसरबाई: हजर तर होतोच आम्ही.

नानासाहेब: अन् हे मला कामून नाय सांगितलंस? इतकी वर्सं काय परकी होतीस? तो सर्टिफिकेटाचा फोटो मी दारातच लावलाय.

केसरबाई: म्हणूनच नाय सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही थांबवून दाखवायचे, ही आमची केसरबाई, चौथी शिकली अन् आता कम्प्युटरचं मशीन चालवती. लोक हात जोडायचे मला. कोणत्या तोंडानं सांगू, की नाय चालवता येत? भामाबाई, गोजरबाई, ती करुणा, सगळ्यांचा हात हातात धरून शिकवलं मी. तारेला पितळी टोक दाबलं की बोटाला कळतं, बसलं का नाय. तिथं पडद्यावर लाल दिवा लागणार, करुणा विचारणार, मावशी, आता काय करू? मी काय सांगू तिला? लाज वाटती नाना. रात-रात डोळा लागत नाय लाजेनं. त्यापेक्षा इज्जतीत घरी बसलेलं बरं.

नानासाहेब: येडी का खुळी तू? शिकली असतीस.

केसरबाई: शिकले असते की. कुणी मशीन दाखवलं असतं तर.

तनुजा: चूक माझी आहे, केसरबाई. मी एकदा तरी येऊन विचारायला पाहिजे होतं.

केसरबाई: तुम्ही विचारलं असतं तरी 'येतं' म्हणले असते. तुमची बी काळजी होतीच ना. पोरगी नवी आहे, हिचं पहिलंच मोठं काम, कशाला अपशकून करा. अन् मी मनाशी म्हणलं, मी बाजूला झाले की माझ्या जागी एखादी शिकलेली पोरगी येईल, ती त्यांना शिकवील. माझं एकटीचं गेलं तर गेलं, त्या चाळीस जणींचं काम तरी राहील.

(नानासाहेब खुर्चीतून उठतात, दार लावून घेतात, पण परत बसत नाहीत.)

तनुजा: सर, काय झालं?

नानासाहेब: तुझ्या ह्या खेळात मालकानं बी कारण सांगायचं असतं का?

तनुजा: सांगायचं असतं.

नानासाहेब: मग समजा-बिमजा नाय, सरळच सांगतो. केसर, चाळीस नाय लागणार.

केसरबाई: काय नाय लागणार?

नानासाहेब: बायका. ते मशीन एकटंच लई जणींचं काम करतं. बारा जणी पुऱ्या होतात.

केसरबाई: बारा?

तनुजा: सर, मी चाळीस जणींच्या बस ठरवल्यात. दोन पाळ्यांच्या. जेवणाची सोय, कपाटं, लहान लेकरांची खोली. सगळ्यावर तुमच्या सह्या आहेत.

नानासाहेब: केल्या मी सह्या.

तनुजा: तुम्हाला कधीपासून माहीत होतं हे?

नानासाहेब: मशीन पसंत केलं तवापासून. विकणाऱ्यानं तेच सांगून विकलं.

तनुजा: आणि मला मुकुंदवाडीच्या गल्ल्या मोजत फिरू दिलंत.

नानासाहेब: तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत शेडमधी पोचलं असतं. म्हणलं, शुभ काम आहे, आधीच तोंडं कडू कशाला करा. उद्घाटन होऊ दे, मग एकेकीला बोलावून सांगू.

केसरबाई: म्हंजे तुम्ही बी उद्घाटन झाल्यावरच सांगणार होते.

नानासाहेब: व्हय.

केसरबाई: मी बटण दाबल्यावर.

नानासाहेब: केसर, त्या बारांत तुझं नाव पहिलं आहे.

केसरबाई: मी ते विचारलं नाय. नाना, सगळ्या जणींनी मिळून एकसारख्या साड्या घेतल्यात, उद्घाटनाला नेसायला. मोरपंखी. भामाबाईनं ब्लाऊज शिवायला बी टाकलं. त्या साड्या नेसून टाळ्या वाजवणार होत्या त्या, अन् मी बटण दाबून त्यांच्याच पोटावर पाय देणार होते. ताई, थोडं पाणी द्या.

तनुजा: घ्या. सावकाश.

नानासाहेब: माझा इरादा वाईट नव्हता गं.

केसरबाई: ठाऊक आहे. माझा बी नव्हता.

नानासाहेब: आता तूच निवड. तुझ्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाय. बारा नावं सांग, मी एका शब्दानं विचारणार नाय.

केसरबाई: मी नाय निवडणार. एकेकीला घरून हाताला धरून आणलंय मी. तेच हात सोडायला मला सांगू नका.

तनुजा: सर, बारा हा आकडा विकणाऱ्याचा आहे. आपल्या बायकांनी मशीन अजून चालवलेलंच नाही. त्या खोलीचं कुलूप काढा, उद्घाटन पुढं ढकला. सगळ्या चाळीस जणींना हात लावून शिकू द्या, आणि शिकवणारा माणूस मराठीत बोलणारा आणा. तोवर इथलं जुनं काम चालू ठेवू. तपासणी, पॅकिंग, दुसऱ्या गाड्यांचं वायरिंग, कुठं कुठं माणसं लागतात ते मी नव्यानं बघते. सगळ्या राहतील असं मी म्हणत नाही. खोटं आता पुरे झालं.

नानासाहेब: अन् वाटलेल्या पत्रिका? ग्राहकाला काय सांगू?

तनुजा: ग्राहकाला मी सांगते. चुकीचा अहवाल माझ्याच नावानं गेलाय.

नानासाहेब: गावभर बेइज्जती होईल माझी.

केसरबाई: होईल थोडी. पत्रिका वाटलेली लग्नं बी मोडतात नाना. माणसं जगतातच की.

नानासाहेब: तू तरी राहशील ना?

केसरबाई: आता जाता येतंय व्हय?

नानासाहेब: बरं. कुलूप काढतो. बायकांना सांगतो मी सवडीनं. सोमवारी, मंगळवारी, बघून.

केसरबाई: सवडीनं नाय. जेवणाची सुट्टी झालीय, सगळ्या शेडमधी डबे उघडून बसल्यात. त्यांना जेवू द्या अन् मग सांगा. बारांचं बी सांगा.

नानासाहेब: सगळंच?

केसरबाई: सगळंच. तुमच्या तोंडानं.

नानासाहेब: चल मग. माझ्या शेजारी उभी राहा तू. तू दिसलीस की त्या शांत राहतील.

केसरबाई: नाय नाना. मी त्यांच्यात बसते. तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.