पाचांतला एक राहिला

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीकाकांचे कान मात्र शाबूत होते. शेजारच्या बाईची दाढ ठणकत होती, तरी मांडीवरच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून ती नवऱ्याची हजेरी घेत होती.

"संध्याकाळी गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर द्यायचंय, आणि त्याचे भाग एकमेकांशी जुळतच नाहीयेत. सगळ्या भागांत मुख्य भागाचा नवा व्हर्जन नंबर टाकलास ना?"

"टाकला की. माझ्याकडे तर मस्त चालतंय."

"तुझ्या मशीनवर मुख्य भागाची जुनी प्रत पडून आहे, म्हणून. बिलांचा भाग अजून तीच मागतोय."

"अरेच्चा! तो राहिलाच."

"नंबर एकाच जागी लिही, बाकीचे भाग तिथून उचलतील. कितीदा सांगितलं?"

"पाचच तर भाग आहेत गं. हाताने बदलले."

"हाताने! धन्य आहेस बाबा."

काकांना हसू आलं आणि दाढेतून कळ गेली.

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. "मॅडम, तुमचा एक्स-रे कुरिअरने घरी पाठवला होता. आणलात?"

"मला नाही मिळाला."

"पत्ता तोच ना, बेकरीच्या वरचा?"

"छे हो, ते घर सोडून वर्ष झालं."

"नवा पत्ता सगळीकडे कळवला होतास ना गं?" लॅपटॉपमधून नवऱ्याचा आवाज आला.

"कळवला की. बँकेत, ऑफिसात, तुझ्या आईला, माझ्या आईला..."

"हाताने?"