भिंतीच्या पोटात

मी माजिवड्याचा. नाव गोमा, लोक गोमा गवंडी बोलतात. बाप मिठागरात, आजा बी मिठागरात. खाडीचं पानी वाफ्यात घ्यायचं, ऊन खाऊ द्यायचं, मग मीठ ओढायचं, आनि हे सगळं त्या खारट चिखलात उभं राहून, म्हंजे पाय सडनारच. बाप घरी आला का पाय उन्हात पसरून बसायचा, बोटांच्या बेचक्यात ह्या एवढाल्या भेगा, आनि त्या पायांचा वास, काय सांगू तुम्हाला मास्तर. आय जेवायला वाढायची आनि मी तोंड फिरवून जेवायचो. तवाच ठरवलं, काय बी करीन पन मिठात पाय घालनार नाय.

मग दगडात हात घातला. आगगाडी कल्यानच्या पुढं चालली व्हती, पूल बांधायचे, मोऱ्या बांधायच्या, मानसं पायजेतच व्हती. तिथं बाबाजी म्हनून म्हातारा गवंडी व्हता, देशावरनं आलेला. बोलायचा थोडं, टपली मारायचा जास्त. मी त्याच्याकडं दगड उचलायला लागलो आनि मग दगड घडवायला शिकलो आनि मग बसवायला. बसवायला शिकायलाच जास्त वरसं गेली.

बाबाजी बोलायचा, गोमा, इमारत म्हंजे काय रे, वजन खाली न्यायची वाट. कौलं वाशांवर, वासे तुळईवर, तुळई भिंतीवर, भिंत जोत्यावर, जोतं पायावर, आनि पाया धरनीवर. धरनी काय बोलत नाय, ती सगळं घेते, पन तिच्यापर्यंत नीट पोचवायला पायजे. पाया खनताना काळी माती लागली तर थांबायचं नाय, ती पावसात फुगते नि उन्हात फाटते, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. जोतं उंच घ्यायचं ते काय संध्याकाळी बसून गप्पा मारायला नाय, ओल भिंतीत चढू नये म्हनून. तुळईचं टोक भिंतीवर टेकतं तिथं खाली एक सपाट दगड घालायचा, उशीसारखा, म्हंजे वजन एका जागी टोचत नाय, पसरतं.

आनि भिंत. भिंतीचं तुम्हाला नीट सांगतो, कारन माझं सगळं भिंतीपायीच झालं. दगडाची जाड भिंत बाहेरून बघितली तर एक दिसते, पन ती एक नसते, दोन असतात. एक तोंड आत, एक बाहेर, दोन्ही चांगल्या दगडाची, आनि मधल्या पोकळीत बारीक दगड चुन्यात घट्ट बसवायचे. आनि मधून मधून एक लांब दगड आडवा घालायचा, ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, आरपार. तो दोघांना धरून ठेवतो. तो दगड नसला तर दोन्ही तोंडं एकमेकांपासून सुटतात, मधलं भरन खाली बसतं आनि भिंतीला पोट येतं. बाबाजी बोलायचा, पोट आलेली भिंत म्हंजे दिवस भरलेली बाई, ती आज ना उद्या मोकळी होनारच.

बाबाजी मेला. रेल्वेची कामं बी संपली. मग मी कल्यानात एका कंत्राटदाराकडं लागलो. त्याचं नाव नाय सांगत, त्याची नातवंडं आता चांगली मानसं हायत. एका शेटची भाताची वखार बांधायची व्हती, टेशनाच्या अंगाला. वखार म्हंजे घरापेक्षा अवघड काम. घराच्या भिंतीवर वजन वरून येतं, वखारीच्या भिंतीवर वरून बी येतं आनि बाजूनं बी. भात ढिगानं वतलं का ते गप बसत नाय, पान्यासारखं सरकतं, भिंतीला ढकलत राहतं. म्हंजे आरपार दगड दुप्पट पायजेत. मी तसं बोललो कंत्राटदाराला. तो बोलला, लांब दगड खानीतून कोन आननार, किती दिवस जातील, तू बांध.

बांधली. मी बांधली, दुसऱ्या कोनी नाय.

मधल्या पोकळीत भरायला बारीक दगड मागितले तर त्यानं गावातला केर आनून वतला. हसू नका, खरं सांगतो. चुलीतली राख, फुटकी गाडगी, चिंध्या, हाडं, बाजारातली सडकी भाजी, गोठ्यातला केर, आनि वरनं चिखल. टोपल्या आल्या का माश्यांचा घोंगाट. एका टोपलीत मेलेलं मांजर व्हतं. मी थांबलो. बोललो, मालक, हे भिंतीत घालायचं? कंत्राटदार नाकाला उपरनं लावून बोलला, गोमा, भिंत बाहेरून बघतात रे, आत कोन बघतंय. आनि सगळे हसले. मास्तर, मी बी हसलो. नंतर कितीदा आठवलं मला ते हसू, आनि दर खेपेला ओकारी येते. मांजरावर चिखल टाकला, त्याच्यावर दगड ठेवला, दोरी लावली, ओळंबा सोडला, भिंत सरळ. बाहेरून अशी दिसायची का रस्त्यानं जानारी मानसं थांबून बघायची.

तीन पावसाळे गेले. तिसऱ्या सुगीच्या तोंडाशी मला निरोप आला, वखारीवर ये, जरा लिंपायचंय. गेलो. मागच्या अंगाच्या भिंतीला पोट आलेलं. लांबून बघितलं तरी कळत व्हतं, कमरेच्या उंचीला भिंत बाहेर आलेली आनि वरनं खालपर्यंत एक चीर, तिच्यात बोट जाईल एवढी. हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. चांगली भिंत खनकन वाजते. ही भद्द वाजली, सडक्या भोपळ्यासारखी. आनि चिरेतून वास आला. तीन वरसं झाली तरी वास.

मी बोललो, आधी आतलं भात काढा, भिंतीला टेकू द्या, मग ही उतरवून नव्यानं बांधायला लागंल. कंत्राटदार बोलला, सुगी आलीय, भात आत यायचंय, का बाहेर जायचंय? शेटला मी काय सांगू? तू चुना मार आनि चीर बुजव. मी बोललो, चुना भिंत धरत नाय, चुना नुसता झाकतो. तो बोलला, मग झाक.

मी झाकली. चांगली झाकली, तेच तर सांगतोय. पोटाच्या वर नि खाली चुना जाड घेतला, मधे पातळ, म्हंजे पोट दिसूच नये. घोटून घोटून असा गुळगुळीत केला का हात लावावासा वाटंल. माझ्या हातात बाबाजीनं जी कला दिलेली ती सगळी मी त्या दिवशी लबाडीला वापरली.

त्या भिंतीच्या सावलीला बाया भात पाखडायला बसायच्या. त्यात हिरूबाय व्हती, आंबिवलीची, नवरा मेलेला, घरी सून आनि ती. तोंडाची फटकळ, पन मनानं बरी. माझं काम चाललेलं तवा बाया लांब उन्हात बसलेल्या, भेऊन. मी पाट्या धुवत व्हतो, हिरूबाय सूप घेऊन आली आनि बोलली, काय रं गोमा, आता बसू ना हितं? ऊन लागतंय.

मी बोललो, बस की.

दोनच शब्द. तिनं भिंतीला इचारलं नाय, शेटला इचारलं नाय, मला इचारलं. गवंडी म्हनून इचारलं.

पाचव्या का सहाव्या दिवशी, दुपारी, भिंत गेली. मी तिथंच पलीकडच्या आळीत एका घराची पायरी बसवत व्हतो, आवाज ऐकला आनि मला कळलं. धावत गेलो. बाकीच्या बाया पानी प्यायला उठलेल्या, हिरूबाय एकटी बसलेली, कमरेपासून खाली दगडात, आनि वखारीतलं भात वरनं वाहत येतंय, तिच्या छातीपर्यंत. मी दगड काढतोय तर भात येतंय, भात सारतोय तर आनखी येतंय. आनि त्या सगळ्यात तो घान केर उघडा पडलेला, काळा झालेला, चिंध्या, हाडं, तिच्या लुगड्यावर, तिच्या केसात. त्या वासानं मानसं मागं सरायला लागली. आनि शेटचा मानूस ओट्यावरनं ओरडतोय, अरे भात तुडवू नका, आधी भात भरा, पोती आना. मानूस गाडलंय आनि हा भात भरा बोलतोय! चार जनं खरंच पोती घेऊन आले बघा. थू.

हिरूबाय शुद्धीत व्हती. माझ्याकडं बघत व्हती.

जगली ती. पाय गेले. म्हंजे व्हते अंगाला, पन मेलेले.

कचेरीत बोलावलं. कंत्राटदार बोलला, गवंड्यानं चुना कच्चा मळला. मी बोललो, चुना पक्का व्हता साहेब, भिंत खोटी व्हती, तिच्यात काय भरलं ते मी सांगतो, ते मीच भरलं, आनि पोट आलं तवा मीच लिंपलं. कारकुनानं दऊत पुढं ओढली, लिहिलं, वाचून दाखवलं. काय लिहिलं, तर अतिपावसानं भिंत पडली. अहो, सुगीचे दिवस, आभाळात ढग नव्हता! मी बोललो, पाऊस कुठला? तो बोलला, तुला तुरुंगात जायचंय का घरी? निशानी कर. आनि मी केली. निशानी करून घरी आलो.

महिन्याभरानं वखार परत बांधायचं काम निघालं, ते बी त्याच कंत्राटदाराला, आनि त्यानं मला निरोप धाडला, ये, झालं गेलं इसर. निरोप्या दारात असतानाच मी अंगनात थुंकलो. बायको बोलली, त्याच्यावर थुंकून काय होतंय, तुझे हात तर घरातच हायत.

मग मी आंबिवलीला गेलो. हिरूबायचं घर कुडाचं, जमिनीला लागून, पावसात नदीकडचं पानी थेट आत. पहिली ती कोरडी जागा बघून सरकायची, आता सरकनार कशी? मी दारात उभा. सून आत गेली. हिरूबाय बोलली, कशाला आलास? मी बोललो, काय करू ते सांग. ती बोलली, जोतं बांध. दोन हात उंच. मला ओलीत झोपवत नाय.

बांधलं. मुरूम लागेपर्यंत खनलं, दगड मी स्वतः घडवले. आनि ती रोज दारात गोधडीवर बसायची, आनि प्रत्येक दगड तिच्यापुढं न्यायचा, ती हात फिरवनार, उलटा कर बोलनार, मग बसवायचा. दोन्ही तोंडांच्या मधी भरायची येळ आली का बोलायची, दाखव. आत काय घालतोस ते दाखव. मी पाटी तिच्यापुढं धरायचो, ती मूठ भरून बघायची, हुंगायची. सारं गाव बघत व्हतं. एकदा बी मी बोललो नाय का आता पुरे.

झालं तवा मी इचारलं, हिरूबाय, राग गेला का? ती बोलली, जोतं चांगलं झालंय. बस.

पुढं लई वरसं जगली. मी दर पावसाळ्याच्या आधी जाऊन जोतं बघून यायचो, ती पानी द्यायची सुनेकडनं, पन बोलायची नाय. गेल्या साली गेली. मी खांदा द्यायला पुढं झालो तर सुनेनं हात आडवा केला, बोलली, नको. बरोबर केलं तिनं. तिच्या जागी मी असतो तर दगड मारला असता. मी लांबून मागं मागं चाललो, नदीपर्यंत.

घरी आलो, आंघोळ केली आनि जेवलो. पोटभर जेवलो, मास्तर, दोनदा वाढून घेतलं, भूक लागली व्हती. ह्याची बी मला शिसारी येते, पन खोटं कशाला सांगू तुम्हाला. बसा जरा. ऊन उतरू द्या, मग जा.