दहाव्याचं भाषण

...आणि वर मलाच विचारतात, गुरुजी, बोलणारे किती धरायचे? अहो, दहावा आहे का प्रचारसभा? तुम्हाला सांगतो, आमच्या नाशिकच्या पंचक्रोशीत हल्ली माणूस गेल्याचं दुःख करायला कुणाला सवड नाही, आधी मांडव बघा, फ्लेक्स बघा, त्याच्यावर गेलेल्याचा फोटो केवढा आणि साहेबांचा केवढा ते बघा, प्रवचनाला महाराज मिळतात का बघा, पाण्याच्या बाटल्या, रुमाल, टोप्या, आणि मग सकाळी आठ वाजता नदीच्या घाटावर एकामागून एक अकरा वक्ते, आणि प्रत्येक जण उठून म्हणणार, मी आपला जास्त वेळ घेणार नाही... आणि घेणार. मी चेष्टा करतोय असं समजू नका. तो दहावा माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा होता आणि त्या अकरातला शेवटचा वक्ता मी होतो.

आता तुम्ही म्हणाल, रंगनाथ गुरुजी, एवढं कळतं तर बोललात कशाला? का नाही बोलणार? ठराव झालेला होता ना! तीन वर्षांपूर्वी, आमच्या गावात, भर ग्रामसभेत. नवरा गेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. मांडला कुणी? मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं घालवली, रिटायर होऊन इंदिरानगरला फ्लॅट घेतला, पण गावचं मतदान सोडलं नाही आणि गावाला शिकवणंही सोडलं नाही. एकमतानं मंजूर! आमची चुलती नवसाबाई, वयाच्या सव्विसाव्या वर्षी हात मोकळे झालेली बाई, तिनंसुद्धा पहिल्या रांगेत बसून हात वर केला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं सांगत नाही. म्हटलं, चला, आपल्या हयातीत एक काम झालं. शाल मिळाली, पेपरात आलं, ठरावाची प्रत फ्रेम करून पंचायतीत लावली. मग मी काय केलं? दर महिन्याला कुठं ना कुठं जाऊन त्यावर बोलायला लागलो.

मग भारत गेला. एकेचाळीस वर्षांचा, आमच्या घरातलं शेंडेफळ. पहाटे पालकाला पाणी द्यायला गेला आणि बांधावरच बसला तो बसलाच. मागं बायको शुभांगी आणि सातवीतली मनाली. मी काय सांगू... मी त्याला सायकल शिकवलेली हो.

सहाव्या दिवशी शुभांगी माझ्याकडं आली. घरात पन्नास माणसं, तरी मागच्या दाराला मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, "दादा, मला बांगड्यांचं एवढं नाही. पण मनाली तिथं असणार. चार बाया माझे हात धरतील आणि ती बघत राहील, ते मला नको आहे. त्या वेळी तुम्ही फक्त माझ्याजवळ उभे राहा."

मी म्हटलं, "अगं, ठराव झालेला आहे. कुणाची हिंमत आहे हात लावायची?"

"ठराव झालाय, माहितीये मला. तुम्ही उभे राहाल ना?"

"राहीन."

शब्द दिला. गुरुजींचा शब्द, बरं का.

आता दहावा. माईकचं काम काळूकडं. काळू म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात कामाचा माणूस, लग्नात तोच, वाढदिवसात तोच, दहाव्यात तोच, फक्त गाणी बदलतो. त्यानं काय करावं? घाटावर एक उंबर आहे, त्याच्या खाली पिंड ठेवतात, कारण कावळे बसतात ते त्याच उंबरावर, पिढ्यान्‌पिढ्या. काळूनं कर्णा बांधला त्याच उंबराला. आवाज लांबवर जातो म्हणाला. गेला ना! "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हटल्याबरोबर आवाज पण गेला आणि कावळे पण गेले, नदीपल्याड, एकजात सगळे.

मग महाराजांचं प्रवचन. मग साहेब येईपर्यंत वेळ काढायला सोसायटीचे चेअरमन, मग माजी चेअरमन, मग माजी चेअरमनवर नाराज असलेले चेअरमन... साहेब आले पावणेदहाला. ते बोलले, भारत हा माझा उजवा हात होता म्हणाले. भारत! त्यानं तर त्यांना मतही दिलं नव्हतं, मला माहिती आहे ना. पिंड कधीचे ठेवलेले, ऊन चढलेलं, आणि कावळा काही येईना. आणि काळूनं पुकारलं, "आता ज्यांनी विधवा प्रथेविरुद्ध ठराव आणला, असे आदरणीय गुरुजी."

मी उठलो. तुम्हाला सांगतो, उठताना माझ्या मनात शुभांगीच होती. म्हटलं, चारचौघांत, साहेबांसमोर, खणखणीत सांगतो, म्हणजे विषयच संपला. माझं तोंड मांडवाकडं. बायका माझ्या पाठीमागं, खालच्या पायऱ्यांवर, साड्यांचा आडोसा धरलेला. बोललो. काय बोललो! म्हटलं, स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली, आपल्या लेकी विमानं चालवतात, कॉलेज रोडला स्कूटरवरून भुर्रकन जातात, आणि आपण अजून त्यांच्या बांगड्या मोजतो? म्हटलं, भगिनींनो, घाबरू नका, ठराव झालेला आहे. कुणीतरी टाळी वाजवली. दहाव्याला टाळ्या वाजवत नसतात, पण वाजली, मग दुसऱ्यानं वाजवली, आणि टाळी वाजली की माणसाचं काय होतं ते बोलणाऱ्यालाच माहिती.

आणि मागं काय चाललं होतं? ते मला नंतर प्रतिभानं सांगितलं, माझ्या बायकोनं, ती तिथं होती. कावळा शिवत नाही म्हणून बाया चुळबुळ करायला लागल्या. भारतचा जीव अडकलाय म्हणाल्या. एकीनं हात जोडून सांगितलं, भारत, मनालीला शिकवू रे बाबा, डॉक्टर करू. कावळा नाही. मग दुसरीनं सांगितलं, तुझी गाय विकणार नाही. कावळा नाही. आणि येणार कसा? त्याच्या फांदीवर मी ओरडतोय! मग नवसाबाई बोलली, "हिच्या हातात बांगड्या हायत तंवर कसा शिवंल? त्याचा जीव हिच्यात अडकलाय. लय ताणू नका आता."

प्रतिभा म्हणाली, "आत्याबाई, ठराव झालाय. तुम्हीच हात वर केला होता."

तर नवसाबाई काय म्हणते? "व्हय, केला हात वर. तव्हा कुणी मेलं व्हतं का?"

यावर काय बोलणार? सांगा. मी तर म्हणतो, आपल्या सगळ्या सुधारणांचं हेच आहे, कुणी मेलेलं नसतं तोपर्यंत आपण सगळे पुढारलेले.

प्रतिभानं काळूकडं चिठ्ठी पाठवली. कॅलेंडरच्या फाटक्या कागदावर, "बाया ऐकत नाहीत, लगेच या." काळूनं ती आणून माझ्या हातात दिली. आता मला सांगा, जो माणूस माईकवर बोलतोय त्याच्या हातात चिठ्ठी आली तर तो काय समजतो? बत्तीस वर्षं मी स्नेहसंमेलनात बोललो, शिक्षकदिनाला बोललो, निरोप समारंभात बोललो, मला आजवर जेवढ्या चिठ्ठ्या आल्या त्या सगळ्या एकच, आवरतं घ्या. वाचतो कोण? घडी केली, खिशात घातली, आणि म्हटलं, वेळेची मर्यादा आहे, तरी शेवटचा एकच मुद्दा... आणि अजून दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत झालं. नवसाबाईनं एक हात धरला, दुसरा कुणी धरला ते प्रतिभा सांगत नाही, आणि मी विचारत नाही. दगडावर. मनाली तिथंच उभी होती, आईचा टॉवेल हातात घेऊन. शुभांगी ओरडली म्हणे एकदाच. मला ऐकू नाही आलं. माझाच आवाज एवढा.

मी बसलो, काळूनं कर्णा बंद केला, आणि तिसऱ्या मिनिटाला कावळा आला. सरळ पिंडावर. शिवला!

सगळा घाट म्हणाला, बघा. बांगड्या फुटल्या आणि कावळा शिवला. आता बोला म्हणाले. ठराव करता काय!

आणि तुम्हाला सांगतो, इथं बोलायचं होतं मी. एकच वाक्य. कावळा बांगड्यांसाठी थांबला नव्हता रे, माझं तोंड बंद व्हायची वाट बघत होता. एवढंच. मला कळत होतं, काळूलाही कळत होतं, तो कर्णा सोडवता सोडवता माझ्याकडं बघत होता. पण साहेब हात हातात घेऊन म्हणत होते, वा गुरुजी, विचारांना धार आहे. आणि मी म्हणालो, आपला आशीर्वाद. सांगा, मी म्हणालो! भावाच्या दहाव्याला, मागं भावजय भरल्या हातांनी आली होती ती मोकळ्या हातांनी उभी, आणि मी म्हणतोय, आपला आशीर्वाद.

ठराव रद्द केला असं नाही हं कुणी. कशाला करतील? ठराव झालेला आहेच. अजून फ्रेममध्ये आहे. फक्त त्यानंतर गावात दोन माणसं गेली आणि दोन्ही वेळा बाया म्हणाल्या, भारतच्या वेळी बघितलं ना, कावळा कधी शिवला ते. म्हणजे ठराव मांडला मी आणि मोडला पण मीच, दोन्ही भाषण करून.

महिन्याभरानं गेलो शुभांगीकडं. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती, सकाळच्या मार्केटला जायच्या. मनाली मला बघून आत निघून गेली. पूर्वी काका म्हणून पळत यायची. मी म्हटलं, शुभांगी, माझं चुकलं गं. बोलणं जरा आवरायला हवं होतं. तिनं जुडी बांधली, ठेवली, दुसरी घेतली.

"बोललात ते बरोबरच होतं, दादा. मी सगळं ऐकत होते. एक शब्द चुकीचा नव्हता." मग म्हणाली, "तुम्ही दोन पायऱ्या खाली आला असता ना, तर बोलायलाच लागलं नसतं."

मी तिथंच बसून राहिलो. ऊन अंगावर आलं तरी उठलो नाही. शेवटी तीच म्हणाली, "चांदवडकडं बोलावलंय म्हणे तुम्हाला, त्या बस ड्रायव्हरच्या दहाव्याला. त्याची बायको लहान आहे, सव्वीस-सत्तावीसची. जा तुम्ही. पण तिच्याजवळ जाऊन बसा."

बसतो म्हटलं. या वेळी मनापासून म्हटलं हो. पहाटेच उठून गेलो. सरळ बायकांकडं. ती पोरगी खाली मान घालून बसलेली, हातभर हिरव्या बांगड्या, शेजारी म्हाताऱ्या टपून. मी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसलो. म्हाताऱ्या चपापल्या, जरा मागं सरकल्या. ती पोरगी वर बघून मला म्हणाली, "तुम्ही इथंच हाय ना?" म्हटलं, आहे बाई, इथंच आहे.

तेवढ्यात संयोजक आले धावत. अहो गुरुजी, तुम्ही बायकांत काय बसताय, मंडळी खोळंबलीत, दोनच मिनिटं, दोन शब्द. मी म्हटलं, नाही, आज नाही. ते म्हणाले, तुमच्यासाठीच तर माईक लावलाय. मी म्हटलं, नाही हो. ते म्हणाले, आमदार आलेत...

पस्तीस मिनिटं बोललो. लोक म्हणतात, आजवरचं माझं सगळ्यात चांगलं भाषण झालं.