एल्वा या नावाचा सौदा मोडल्याबाबत

जबाब देणार: श्रीमती एर्मिन व्हॅन्टरपूल, वय ६१ वर्षे, धंदा: जॉनीकेक व मासळी तळून विकणे, राहणार आयलंड हार्बर, अँग्विला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, तक्रारदार क्लीव्हरॉय हा माझा सख्खा दीर आहे. सख्खा हा शब्द कागदापुरता.

आमची मुलगी एल्वा चार वर्षांची असताना तापाने गेली. पुढे माझे पती ऑल्ड्रिक यांनी शर्यतीची होडी बांधली, तिला तेच नाव दिलं. होडीचे फोटो लावायला इंटरनेटवर त्याच नावाचा पत्ता घेतला, मागे आपल्या बेटाची दोन अक्षरं, एआय. तेव्हा असल्या पत्त्यांना कुणी विचारत नव्हतं. वादळात होडी फुटली. तीन वर्षांपूर्वी पती वारले. पत्ता तेवढा राहिला. त्याची मुदत मीच वाढवत आले.

हल्ली यंत्रांना अक्कल शिकवणारे परदेशी या दोन अक्षरांसाठी जीव टाकतात. क्लीव्हरॉय मला म्हणाला होता, "वहिनी, इंग्रजीत चारच अक्षरं, बोलायला सोपं, वीस वर्षं एकाच घरात, कुठे डाग नाही. असं नाव आता शोधून सापडत नाही." मी म्हणाले, "तुझ्या पुतणीचं नाव आहे ते. त्याचा बाजार मांडू नकोस."

ऑगस्ट मंडेला, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या सणाला, शर्यतीच्या होड्या सुटायच्या वेळी किनाऱ्यावर माझे हात पिठात होते. तो आला. "वहिनी, दादाच्या नावाने शर्यतीत ढाल ठेवतोय. नोंदणीचा आकडा तुमच्या फोनवर येईल, तेवढा सांगा." मला रडू आलं. मी आकडा वाचून दाखवला. ढाल कसली न् काय. दुसऱ्या दिवशी पत्ता त्याच्या नावावर झाला होता.

मी परत मागायला गेले तर म्हणतो, "होडी गेली, माणसं गेली. नाव काय चाटायचंय?"

त्या पत्त्याची ईमेलची टपालपेटी अजून माझ्याच पासवर्डवर चालू होती, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. गिऱ्हाईक कॅलिफोर्नियाचं, सौदा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, हे मला त्याच पेटीतून कळलं. त्या आठवड्यात सोमवारपासून मी त्या नावाने तळलेल्या मासळीची जाहिरात जगभर पाठवली, रोज वीस हजार लोकांना. माझ्या मुलीच्या नावाला मी माझ्याच हाताने चिखल फासत होते, हे मला कळत होतं. पहिल्या दिवशी बटण दाबण्याआधी मी तिची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी नाही. गुरुवारपर्यंत ते नाव सगळीकडे कचऱ्याच्या, म्हणजे स्पॅमच्या यादीत गेलं, त्या नावाचं टपाल कुणाकडे पोचेना आणि गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. हे मी समजून-उमजून केलं. कुणाची फूस नव्हती.

काल तो माझ्या टपरीवर येऊन ओरडला, "घ्या, ठेवा आता उराशी! कुत्रंही विचारत नाही त्याला." मी म्हणाले, "मग कर परत माझ्या नावावर, आत्ताच." त्याने तिथल्या तिथे फोनवरून ते केलं आणि तडक तक्रार द्यायला इथे आला. एल्वा आता माझ्याकडे आहे. यापुढे ती कुणाला नको आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी "झाल्या प्रकाराचा पश्चात्ताप होत आहे" असं सार्जंटनी आपल्या मनाने लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. बाकी शब्दन् शब्द माझा आहे.

सही: एर्मिन व्हॅन्टरपूल